सेल्जुक घराण्याची वांशिक आणि सांस्कृतिक ओळख कशी तपासावी आणि कशी मांडावी

सेल्जुक तुर्क होते की इराणी, हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंचे पुरावे सहज हाती लागतात. घराण्याचा मूळपुरुष सेल्जुक हा सिर दर्याच्या परिसरातील ओघुझ तुर्कांपैकी होता, याबद्दल वाद नाही. त्याच्या पणतूचा आणि खापरपणतूचा वजीर निजाम-उल-मुल्क मात्र तूस येथला इराणी होता, आणि राज्य कसे चालवावे याचा ग्रंथ त्याने फारसीत लिहिला. एका गटाने पहिला पुरावा पुढे करायचा आणि दुसऱ्याने दुसरा, असा हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि कोठेच पोहोचत नाही, कारण एकाच प्रश्नाच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. या घराण्यावर निबंध, टिपण किंवा ज्ञानकोशातील नोंद लिहू इच्छिणाऱ्याने हे प्रश्न सुटे कसे करावेत, प्रत्येकासाठी कोणता पुरावा पाहावा आणि त्या पुराव्यावर किती भार टाकावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी शाखा आणि काळ ठरवून घ्यावा

'सेल्जुक' या एका नावाखाली निदान चार राज्ये येतात. इ. स. १०४० मधील दंदानकानच्या लढाईत गझनवी सुलतान मसूदचा पराभव करून उभे राहिलेले मुख्य साम्राज्य खुरासानपासून बगदादपर्यंत आणि पुढे सीरियाच्या सीमेपर्यंत पसरले. किरमानमध्ये पहिला सुलतान तुघ्रिल बेग याचा भाऊ चाघ्री बेग, त्याचा मुलगा कावुर्द याची वेगळी शाखा होती, सीरियात मलिकशाहचा भाऊ तुतुश याची शाखा होती, आणि आजच्या तुर्कस्तानातील अनातोलियात म्हणजे त्या काळच्या 'रूम'मध्ये सेल्जुकाचा नातू कुतुलमुश याच्या वंशजांनी स्थापलेले राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकले. इ. स. १०३८ मध्ये निशापूरमध्ये शिरलेला तुघ्रिल बेग आणि दोनशे वर्षांनंतर रूमची राजधानी कोन्या हिच्या गादीवर असलेला दुसरा कैखुसरौ यांच्याबद्दल एकच विधान करता येत नाही. म्हणून टिपणाच्या पहिल्याच ओळीत शाखा, सुलतान आणि दशक लिहून टाकावे, आणि एका शाखेचा पुरावा दुसऱ्या शाखेसाठी वापरताना तसे स्पष्ट नोंदवावे.

येथेच तारखांविषयी एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. साधने हिजरी सनात बोलतात, आणि हिजरी वर्ष बहुधा दोन ख्रिस्ती वर्षांत विभागले जाते. हिजरी ४२९ हे वर्ष १०३७ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १०३८ च्या ऑक्टोबरारंभी संपते. महिना कळल्याशिवाय दोहोंपैकी एक वर्ष ठामपणे लिहू नये.

वंशावळ वाचताना ती कोणी आणि केव्हा लिहिली ते पाहावे

वंशासाठी सर्वांत चांगला समकालीन साक्षीदार महमूद काशगरी आहे. त्याने १०७० च्या दशकात बगदादमध्ये तुर्की बोलींचा अरबी भाषेतून कोश रचला, आणि त्यात ओघुझांच्या २२ शाखा त्यांच्या जनावरांवर डागण्याच्या चिन्हांसह दिल्या. त्या यादीत किनिक ही शाखा पहिली येते, आणि आजचे सुलतान याच शाखेतले आहेत असे तो सांगतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी मंगोल राजवटीतील वजीर रशीदुद्दीन याने ओघुझांची यादी दिली तेव्हा शाखा २४ झाल्या होत्या आणि किनिक सर्वांत शेवटी गेले होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वंशावळीचा स्वभाव कळतो. किनिक मूळचे कितपत थोर होते हे यातून कळत नाही, पण सत्ता असताना शाखा वर चढते आणि सत्ता गेल्यावर खाली उतरते, हे निश्चित कळते. सेल्जुक किनिक होते एवढे विधान सुरक्षित आहे. ते ओघुझांचे परंपरागत राजकुल होते, हे विधान सुरक्षित नाही. सेल्जुकाचा पिता दुकाक हा ओघुझांच्या यबगूच्या म्हणजे प्रमुखाच्या सेवेतला सरदार होता, असेच घराण्याची स्वतःची परंपराही सांगते.

ही परंपरा ज्या 'मलिकनामा' नावाच्या वृत्तांतात होती तो मूळ रूपात उरलेला नाही, आणि नंतरच्या इतिहासकारांनी घेतलेल्या उताऱ्यांतूनच तो आपल्यापर्यंत येतो. त्यामुळे सेल्जुकाने यबगूशी फारकत घेऊन जंद या सीमेवरील गावी जाणे आणि तेथे इस्लाम स्वीकारणे, या दहाव्या शतकाच्या अखेरच्या घटना लिहिताना 'घराण्याच्या परंपरेनुसार' हे शब्द गाळू नयेत.

दुसरी वंशावळ अधिक बोलकी आहे. मलिकशाहसाठी लिहिलेल्या 'सियासतनामा'त वजीर निजाम-उल-मुल्क सुलतानाचे कुळ अफरासियाबशी जोडतो. अफरासियाब हा 'शाहनामा' या फारसी महाकाव्यातील तूरानचा राजा, म्हणजे इराणी वीरांचा पिढीजात शत्रू. काशगरीने त्यालाच तुर्कांचा वीर अल्प एर तुंगा ठरवले होते, आणि समरकंद-काशगरचे काराखानी राजेही स्वतःला त्याचेच वंशज म्हणवत. येथे विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. गझनवी घराणे तुर्क गुलाम-सेनानीपासून सुरू झाले, तरी त्याला इस्लामपूर्व इराणचा शेवटचा सासानी राजा यझ्दगर्द याच्याशी जोडणारी वंशावळ रचली गेली. सेल्जुकांनी तसे केले नाही. त्यांनी आपले तुर्कपण लपवले नाही, पण ते सांगण्यासाठी वापरलेली कथा इराणी महाकाव्यातली होती. 'वंशाने तुर्क, संस्कृतीने इराणी' हे घाऊक सूत्र या एकाच दाव्यापुढे अपुरे पडते, कारण येथे तुर्की वंशाचा अभिमानच इराणी सांस्कृतिक भाषेत व्यक्त झाला आहे.

नावांवरून निष्कर्ष काढताना हात आखडता ठेवावा

नावे हा पुरावा सर्वांना आवडतो, कारण तो गोळा करणे सोपे असते. सेल्जुकाच्या मुलांची नावे मीकाईल, इस्राईल, मूसा आणि यूनुस अशी होती. यावरून कुटुंब खझारांच्या, म्हणजे ज्यांच्या राजवर्गाने यहुदी धर्म स्वीकारला होता त्या तुर्की लोकांच्या, प्रभावाखाली यहुदी किंवा नेस्टोरियन पंथाचे ख्रिस्ती असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क म्हणून तो नोंदवण्यास हरकत नाही. पण हीच नावे मुसलमानांतही चालतात, आणि इस्राईलला अर्सलान हे तुर्की नावही होते. घराण्यात दुहेरी नावांची पद्धतच दिसते: तुघ्रिल बेग मुहम्मद, चाघ्री बेग दाऊद, अल्प अर्सलान मुहम्मद. एका माणसाच्या दोन नावांपैकी आपल्या मताला सोयीचे तेवढे उचलणे, ही या विषयातील सर्वांत प्रचलित लबाडी आहे.

नावांचा उपयोग एकेका माणसासाठी करण्याऐवजी पिढ्यांची तुलना करण्यासाठी करावा. मलिकशाहच्या नावात अरबी 'मलिक' आणि फारसी 'शाह' एकत्र आले, म्हणून तुर्की नावे मागे पडली असे वाटते, तोच त्याच्या मुलांत बर्कियारुक, तापर आणि संजर ही नावे दिसतात. रूमच्या शाखेत मात्र बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कैखुसरौ, कैकाऊस आणि कैकुबाद ही 'शाहनामा'तील कयानी राजांची नावे ठाण मांडतात. हा बदल एकाच्या आवडीचा नाही. तो दरबाराने निवडलेला राजेपणाचा नमुना आहे.

भाषेचा प्रश्न कामानुसार वाटून घ्यावा

'सेल्जुकांची भाषा कोणती' असे विचारू नये. कोणत्या कामासाठी कोणती भाषा, असे विचारावे आणि प्रत्येक रकान्यात पुरावा मांडावा. नाण्यांवरचा मजकूर अरबीत, इमारतींवरचे शिलालेख बहुतांशी अरबीत, मदरशातील शिक्षण आणि धर्मशास्त्र अरबीत. दिवाण म्हणजे राज्यकारभाराचे दफ्तर, राज्यनीती, दरबारी काव्य आणि पुढे इतिहासलेखन फारसीत. घरात, छावणीत आणि सैन्यात तुर्की.

शेवटच्या विधानाला थेट लिखित पुरावा थोडा आहे, म्हणून तो कोठून मिळतो ते सांगितले पाहिजे. इ. स. १०५८ मध्ये खलिफा अल-काइमने बगदादमध्ये तुघ्रिलचा मोठा सन्मान केला, त्या प्रसंगी वजीर कुंदुरी दुभाष्याचे काम करत होता. म्हणजे पहिल्या सुलतानाला अरबीत संभाषण करता येत नव्हते. त्याला फारसी किती येत होती, हे या प्रसंगावरून ठरत नाही. काशगरीचा कोश हा दुसरा पुरावा: सत्ता तुर्कांच्या हाती आहे तेव्हा त्यांची भाषा शिकणे शहाणपणाचे, असे तो प्रस्तावनेत सांगतो आणि ग्रंथ खलिफा अल-मुक्तदीला अर्पण करतो. राज्यकर्ते तुर्की बोलत नसते, तर या ग्रंथाची बगदादमध्ये गरज पडली नसती.

मग सेल्जुक दरबारातून तुर्कीत काही लिहिले का गेले नाही? येथे एक तुलना निर्णायक ठरते. त्याच सुमारास, इ. स. १०६९-७० मध्ये, काराखानी राज्यात काशगर येथे 'कुतद्गू बिलिग' हे राज्यनीतीवरील दीर्घ काव्य तुर्कीत पूर्ण झाले. तुर्कीत गंभीर ग्रंथ लिहिता येत होता, लिहिला जात होता, आणि सेल्जुकांचे काराखान्यांशी विवाहसंबंधही होते. मलिकशाहची प्रभावी राणी तुर्कान खातून त्याच घराण्यातली होती. तरी इस्फहानच्या दरबाराने फारसी घेतली. खुरासान जिंकताना त्यांना सामानी आणि गझनवी काळात तयार झालेला फारसी लेखनिकवर्ग आयता मिळाला, हे त्याचे साधे कारण आहे. निजाम-उल-मुल्क स्वतः आधी गझनव्यांच्या चाकरीत होता. कर गोळा करणारे दफ्तर ज्या भाषेत चालते त्याच भाषेत दरबार लिहू लागतो, आणि काही दशकांत ती भाषा परकी राहत नाही.

आचार आणि राज्यव्यवस्था: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

ओळखीची चर्चा बहुधा भाषा आणि वंश यांवरच संपते, हे दुर्दैव आहे. कारण माणसे स्वतःविषयी काय लिहितात त्यापेक्षा वारसा कसा वाटतात, लग्ने कशी लावतात आणि बंडखोर भावाला कसे मारतात, यांतून अधिक कळते.

गझनवी कारकून आणि इतिहासकार बैहकी याने तुघ्रिलच्या निशापूर-प्रवेशाचे वर्णन केले आहे. तुघ्रिलच्या दंडाला ताणलेले धनुष्य होते आणि कमरेला तीन बाण. शहरातील काझी साइद भेटीस आला, तेव्हा आपण नवे आणि परके लोक आहोत, ताजिकांचे म्हणजे इराणी नागर समाजाचे रीतिरिवाज आपल्याला माहीत नाहीत, तेव्हा काझीने उपदेश करत राहावे, अशा अर्थाचे तो बोलला. बैहकी शत्रूच्या पदरी होता आणि दंदानकानच्या पराभवाचा साक्षीदारही होता, म्हणून तपशील तोलून घ्यावा. पण ते धनुष्य त्याने रचलेले नाही. धनुष्य आणि बाण तुघ्रिलच्या नाण्यांवरही येतात. शत्रूचे वर्णन आणि राजाचे नाणे ज्या मुद्द्यावर जुळतात, तो मुद्दा पक्का धरावा.

वारशाची पद्धत तशीच तपासावी. राज्य हे एका राजाचे नसून कुळाचे, आणि कुळातील प्रत्येक कर्त्या पुरुषाचा त्यात वाटा, ही स्टेपवरील, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतील भटक्या कुळांची कल्पना सेल्जुकांनी सोडली नाही. तुघ्रिलविरुद्ध इब्राहीम यिनाल, अल्प अर्सलानविरुद्ध कुतुलमुश, मलिकशाहविरुद्ध त्याचा चुलता कावुर्द ही बंडे म्हणजे निव्वळ महत्त्वाकांक्षा नव्हती. वयाने मोठ्या पुरुषाचा हक्क पुतण्यापेक्षा वरचा, असा त्यामागे दावा होता. निजाम-उल-मुल्कला हवी असलेली एकछत्री, बापाकडून मुलाकडे जाणारी इराणी पद्धतीची राजेशाही आणि कुळाचा हा हक्क यांचा झगडा १०९२ मध्ये मलिकशाहच्या मृत्यूनंतर उघड यादवीत फुटला. बंडखोर आप्ताला मारतानाही रक्त सांडू न देण्याची प्रथा दिसते. १०५९ मध्ये इब्राहीम यिनालला धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारण्यात आले. चाघ्रीच्या मृत्यूनंतर तुघ्रिलने त्याच्या विधवेशी विवाह केला, हीही स्टेपच्या कुळांत रूढ असलेली रीत. इस्फहान राजधानी झाल्यावरही सुलतान वर्षाचा बराच भाग छावणीत काढत.

याच मलिकशाहच्या राज्यात १०७९ मध्ये उमर खय्यामसह खगोलज्ञांनी सौर पंचांग सुधारले, नौरोज हा इराणी नववर्षदिन वसंतसंपाताला बांधला, आणि त्या पंचांगाला सुलतानाच्या जलालुद्दौला या बिरुदावरून जलाली नाव मिळाले. तंबूत राहणारा आणि नौरोजची गणना दुरुस्त करवणारा सुलतान एकच आहे. यातला एक तपशील खरा मलिकशाह आणि दुसरा वरवरचा मुलामा, असे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

धर्माबाबत थोडक्यात सांगायचे तर घराणे सुन्नी आणि हनफी होते, वजीर निजाम-उल-मुल्क शाफई या सुन्नींच्याच दुसऱ्या धर्मशास्त्रीय पंथाचा होता, आणि १०६७ मध्ये बगदादमध्ये सुरू झालेला त्याचा निजामिया मदरसा शाफई शिक्षणासाठी होता. वजिराच्या कृती सुलतानाच्या ओळखीचा पुरावा म्हणून वापरू नयेत.

रक्त एक म्हणजे राजकारण एक, असे मानू नये

'तुर्क', 'तुर्कमान' आणि 'गुझ' हे शब्द साधनांत जसे येतात तसे वेगळे ठेवावेत. ते एकमेकांत मिसळले की सेल्जुकांचा सर्वांत अवघड संबंध दिसेनासा होतो. सुलतानांचे नियमित सैन्य हळूहळू विकत घेतलेल्या तुर्क गुलाम-सैनिकांचे बनले, आणि ज्यांच्या बळावर राज्य मिळाले ते भटके तुर्कमान बाजूला पडले. तुर्कमानांचा उपद्रव होतो, पण त्यांनी राज्याची सेवा केली आहे आणि ते कुळाचे नातलग आहेत, म्हणून त्यांच्या १००० मुलांना दरबारी सेवेत घ्यावे, असा सल्ला 'सियासतनामा' देतो. घराणे स्वतःच्या मुळापासून किती दूर गेले होते, हे या सल्ल्याच्या स्वरूपातच दिसते.

बल्ख परिसरातील गुझ, म्हणजे सुलतानांचेच ओघुझ भाऊबंद, दरवर्षी संजरच्या मुदपाकखान्यासाठी २४,००० मेंढ्या कर म्हणून देत. त्या वसुलीवरून आणि बल्खचा सुभेदार कुमाज याच्या वागणुकीवरून तंटा पेटला, आणि ११५३ मध्ये त्यांनी संजरचा पराभव करून त्याला सुमारे तीन वर्षे कैदेत ठेवले आणि खुरासान लुटले. त्या विध्वंसावर कवी अन्वरीने लिहिलेला प्रसिद्ध विलाप फारसीत आहे. तो काराखानी राजाला, म्हणजे एका तुर्क राजाला, उद्देशून आहे. तुर्क गुझांपासून तुर्क सुलतानाच्या प्रजेला सोडवावे, अशी त्यात विनवणी आहे. तिकडे १०७१ मध्ये मलाझगिर्दच्या लढाईत बायझंटाइन सैन्यातही ओघुझ भाडोत्री होते, आणि त्यांच्यातील एक तुकडी अल्प अर्सलानला जाऊन मिळाली. भाषा आणि रक्त यांची ओढ कधी कामी येते, कधी येत नाही. प्रत्येक प्रसंग स्वतंत्रपणे तपासावा.

रूमसाठी वेगळे टिपण करावे

अनातोलियात तिसरा धागा येतो तो ग्रीक ख्रिस्ती समाजाचा. पहिल्या कैखुसरौची आई ग्रीक ख्रिस्ती होती, आणि गादी गेल्यावर त्याने वनवासाचा काही काळ कॉन्स्टँटिनोपलमध्ये काढला. दुसऱ्या कैकाऊसची आई ग्रीक धर्मगुरूची मुलगी, आणि त्याचे ख्रिस्ती मामा दरबारात वजनदार. दुसऱ्या कैखुसरौची राणी जॉर्जियाची राजकन्या, आणि त्याच्या नाण्यांवर सिंह आणि सूर्य. पहिल्या कैकुबादने कोन्याचा तट बांधला, त्यावर कुराणातील वचने, 'शाहनामा'तील ओळी आणि प्राचीन शिल्पे एकत्र बसवली गेली. इराणमध्ये शेवटचा सेल्जुक सुलतान ११९४ मध्ये पडल्यावर इतिहासकार रावंदीने आपला फारसी इतिहास कोन्याच्या पहिल्या कैखुसरौला अर्पण केला, आणि रूमचा इतिहासकार इब्न बीबी यानेही १२८१ मध्ये पूर्ण केलेला ग्रंथ फारसीतच लिहिला. आजच्या तुर्कस्तानच्या भूमीवर हे राज्य होते, म्हणून ते इस्फहानच्या राज्यापेक्षा 'अधिक तुर्की' असणार, हा अंदाज दरबाराच्या पातळीवर टिकत नाही. ग्रामीण आणि भटक्या लोकसंख्येच्या पातळीवर चित्र वेगळे आहे, कारण तुर्कमान मोठ्या संख्येने येथेच स्थायिक झाले. दरबार आणि प्रजा यांसाठी दोन वेगळे परिच्छेद लिहावेत.

विधान लिहिताना

तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांच्या चिन्हातील १६ ताऱ्यांपैकी एक महान सेल्जुक साम्राज्याचा मानला जातो, आणि तुर्कमेनिस्तानच्या २००९ च्या नोटांपैकी १ मनातच्या नोटेवर तुघ्रिल, तर ५ मनातच्या नोटेवर संजर आहे. इराणी इतिहासलेखनात याच काळाला फारसी संस्कृतीचा बहर मानतात. या दाव्यांची नोंद आधुनिक राजकारणाच्या परिच्छेदात करावी आणि त्यांना अकराव्या शतकाचा पुरावा म्हणून येऊ देऊ नये. 'तुर्क-इराणी' हे जोडविशेषण वापरण्यास हरकत नाही, मात्र जोडचिन्हाच्या कोणत्या बाजूला काय ठेवले आहे ते पुढच्याच वाक्यात उलगडावे; एरवी ते विशेषण विचार टाळण्याची सोय ठरते.

मुख्य शाखेसाठी असे लिहिता येईल: 'मलिकशाह (१०७२–१०९२) हा किनिक शाखेच्या ओघुझ तुर्क घराण्यातील सुलतान होता, घराणे स्वतःची तुर्की वंशपरंपरा उघडपणे मिरवत असे, कुळातील वारसाहक्क आणि छावणीचे जीवन स्टेपच्या वळणाचे राहिले होते, तर कारभार आणि दरबारी साहित्य फारसीत, आणि धर्मशास्त्र व नाणी अरबीत होती.' रूमसाठी: 'पहिला कैकुबाद (१२२०–१२३७) हा त्याच घराण्याच्या अनातोलियातील शाखेचा सुलतान, त्याच्या दरबाराने राजेपणाचा आदर्श इराणी महाकाव्यातून घेतला होता, आणि त्याच्या राज्यात तुर्कमान, ग्रीक आणि आर्मेनियन प्रजा एकत्र राहत होती.' दोन्ही वाक्यांत प्रत्येक उपवाक्याला वेगळा पुरावा लागतो. ज्या उपवाक्यासाठी पुरावा सापडत नाही, ते काढून टाकावे आणि उरलेले वाक्य तसेच ठेवावे.